लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह : बनवायचा कसा, चालवायचा कसा, अडलं तर काय बघायचं

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या भागात घरी, झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या संगणक खोलीत असे कितीतरी संगणक आहेत, की यंत्र धडधाकट आहे पण विंडोज ११ त्याला आत घेत नाही. अशा यंत्रावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, चालेल का, वाय-फाय पकडेल का, आवाज येईल का, हे हार्ड डिस्कला हात न लावता बघायचं असेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह करायचा. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) अभ्यासक्रमासाठी लिनक्सवर हात बसवायचा आहे पण घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपमधलं विंडोज मोडायचं नाही, अशा मुलांनाही हाच मार्ग सोयीचा.

लाइव्ह म्हणजे काय, तर अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवर एका दाबून बसवलेल्या फाइलमध्ये असते. संगणक ती तिथूनच वाचतो आणि तुम्ही केलेले बदल रॅममध्ये ठेवतो. बंद केलं की बदल गेले. डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं.

पेनड्राइव्ह लिहिण्याचं काम दहा मिनिटांचं आहे, त्यात फारसं कुणी अडत नाही. अडतात ते त्याच्या आधी आणि नंतर: पेनड्राइव्ह खोटा निघतो, फाइल अर्धवट उतरते, आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "पेनड्राइव्ह लावलो तरी विंडोजच यायलंय की." म्हणून पुढे बटणांपेक्षा या जागांवरच जास्त वेळ घालवला आहे.

काय काय लागेल

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा. मिंट आणि उबंटू हे लिनक्सचे दोन प्रकार. लिनक्स मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते, तेवढ्याला ८ जीबी पुरतात. उबंटू २४.०४ ची फाइल मात्र ६ जीबीच्या आसपास जाते, तिथे ८ मध्ये जेमतेम बसतं. नवीनच घेणार असाल तर १६ किंवा ३२ जीबीचा, यूएसबी ३ चा घ्या. जुन्या यूएसबी २ च्या पेनड्राइव्हवर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८-१० एमबी असला तर ३ जीबी लिहायला पाच-सहा मिनिटं जातात, ते चालतं. पण लाइव्ह चालवताना प्रत्येक प्रोग्रॅम त्याच पेनड्राइव्हवरून वाचला जातो, आणि मग फायरफॉक्स उघडायला अर्धा मिनिट लागला की लोक लिनक्सला नावं ठेवतात. दोष पेनड्राइव्हचा असतो.

त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. लग्नाचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, जे असेल ते आधी दुसरीकडे काढून ठेवा.

ज्या यंत्रावर चालवायचं त्यात ६४ बिटचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असावी. मिंट २ जीबीवरही सुरू होतं, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की गुदमरतं. २ जीबीच्या यंत्रासाठी मिंटमधलीच एक्सएफसीई आवृत्ती घ्या. दालचिनीच्या नावाची सिनॅमन आवृत्ती दिसायला छान, पण जुन्या यंत्राला जड. ३२ बिटचं अगदी जुनं यंत्र असेल तर आजच्या मिंट-उबंटूचा नाद सोडा. मिंटची मुख्य आवृत्ती १९.३ नंतर ३२ बिटवर येत नाही.

फाइल लिहायला चालू स्थितीतला दुसरा संगणक लागतो. तोही नसेल तर अँड्रॉइड फोनवरून, ओटीजीची पिन लावून, एचड्रॉइड नावाच्या मोफत ॲपनं काम होतं. फोन मात्र चार्ज असू दे, अर्ध्यात बंद पडला तर पहिल्यापासून.

पेनड्राइव्ह खरा आहे का

बाजारात, ऑनलाइनही, खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह सर्रास मिळतात. आत चिप ८ जीबीची असते आणि कंट्रोलरला ६४ जीबी सांगायला शिकवलेलं असतं. विंडोज त्यावर विश्वास ठेवून ६४ दाखवतं. ८ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक, पुढचं लिहिलेलं हवेत जातं किंवा आधीच्यावर चढतं. "एक टीबी" लिहिलेला पेनड्राइव्ह चार-पाचशे रुपयांना कुणी देत असेल तर तो खोटाच समजा.

तपासायला विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम आहे. तो पेनड्राइव्ह पूर्ण भरतो आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो. रिकाम्या पेनड्राइव्हवरच चालवा. ३२ जीबीचा यूएसबी २ पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबीने भरायला तासाहून जास्त लागतो, तेव्हा रात्री जेवायच्या आधी लावून ठेवा. शेवटी "विदाउट एरर्स" आलं तर बरा. "डिफेक्टिव्ह" असा शब्द आला तर त्या दुकानातून बदलून घ्या, दुरुस्त करायच्या मागे लागू नका.

फाइल उतरवणं आणि ताडून बघणं

नवख्यांना आम्ही लिनक्स मिंटच सुचवतो. टास्कबार खाली, मेनू डाव्या कोपऱ्यात, विंडोजवरून आलेल्याला शोधावं लागत नाही. सध्याची २२ ची मालिका उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. फाइल मिंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. कुणीतरी व्हॉट्सॲपवर किंवा ड्राइव्हवर टाकलेली नको.

फाइलच्या नावाच्या शेवटी आयएसओ असतं. मोबाइल डेटावर दिवसाला दीड-दोन जीबी मिळत असतील तर ३ जीबीची फाइल एका दिवसात बसत नाही, आणि खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत रेंज गेली की ब्राउझरचं डाउनलोड मध्येच तुटतं. अशा ठिकाणी टॉरेंटने, म्हणजे फाइल तुकड्या-तुकड्यांनी उतरवायच्या पद्धतीने, उतरवा. मिंट स्वतः टॉरेंटची फाइल देतं, ते पूर्णपणे कायदेशीर आहे. टॉरेंट थांबलं तिथून पुढे चालू होतं आणि प्रत्येक तुकडा आपोआप तपासून घेतं.

ब्राउझरने उतरवली असेल तर मात्र ताडून बघणं टाळू नका. संकेतस्थळावर त्या फाइलच्या नावापुढे एसएचए-२५६ ची ६४ अक्षरांची एक ओळ असते, ती म्हणजे त्या फाइलचा अंगठाच. तुमच्या फाइलची ओळ काढायला सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून "सीआरसी एसएचए" मधून एसएचए-२५६ निवडा. पेनड्राइव्ह लिहायला पुढे जो रूफस नावाचा प्रोग्रॅम वापरायचा आहे, त्यातही फाइल निवडल्यावर तिच्या शेजारी हे मोजायचं छोटं बटण आहे. दोन्ही ओळी नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवून बघा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फाइल टाकून द्या. फाइलचा आकार बरोबर आहे म्हणून ती बरोबर आहे असं होत नाही.

लिहिणं

सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच सांगून टाकू. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करून काही होत नाही. जोंधळ्याचं पोतं घरात आणून टाकलं म्हणजे भाकरी झाली नाही. संगणकाला सुरू होताना बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, ठरावीक जागी सापडावा लागतो, आणि तो तिथे बसवायचं काम लिहिणारा प्रोग्रॅम करतो.

विंडोजवर रूफस वापरा. एकच छोटी फाइल, इन्स्टॉल करावी लागत नाही. रूफस ४ ला किमान विंडोज ८ लागतं. लिहिणारा संगणक विंडोज ७ चा असेल तर जुनी ३.२२ आवृत्ती घ्या.

लिहायच्या वेळी बाकीचे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं काढून ठेवा. रूफस एरवी बाहेरच्या हार्ड डिस्क यादीत दाखवतच नाही, आणि ते दाखवायचा जो पर्याय आत लपवून ठेवला आहे त्याला हात लावायचं कारण नाही.

१. वरच्या "डिव्हाइस" मध्ये तुमचा पेनड्राइव्ह दिसतो. नाव आणि जीबी दोन्ही वाचा.

२. "सिलेक्ट" दाबून आयएसओ फाइल दाखवा.

३. "पार्टिशन स्कीम" मध्ये एमबीआर ठेवा. लिनक्सच्या बहुतेक फाइलींसाठी एमबीआर निवडलं की तोच पेनड्राइव्ह जुन्या बायोसवरही चालतो आणि नव्या यूईएफआयवरही. (बायोस किंवा यूईएफआय म्हणजे संगणक चालू केल्यावर सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम.) जीपीटी निवडलात तर तो फक्त यूईएफआय यंत्रांवर चालेल. २०१२ च्या आधीच्या डेस्कटॉपवर लावायचा असेल तर हा फरक नेमका नडतो.

४. फाइल सिस्टिम फॅट३२, बाकी आहे तसं. "स्टार्ट" दाबा.

आता दोन-तीन प्रश्न येतात. बूटलोडरची एखादी जास्तीची फाइल उतरवू का, असं विचारलं तर हो म्हणा, इंटरनेट चालू असू दे. मग आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारतं. पहिल्यांदा आयएसओ मोडच घ्या. तो पेनड्राइव्ह पुढे विंडोजमध्ये नेहमीसारखा उघडतो आणि उरलेली जागा वापरता येते. आयएसओ मोडने केलेला पेनड्राइव्ह सुरूच झाला नाही, तर दुसऱ्या वेळी डीडी मोड घ्या. त्यात फाइलची हुबेहूब नक्कल बिट बाय बिट उतरते. मग विंडोजला तो पेनड्राइव्ह वाचता येत नाही आणि "फॉरमॅट करू का?" असं विचारत राहतं. तिथे हो म्हटलंत की केलेलं सगळं गेलं. शेवटचा प्रश्न म्हणजे सगळं पुसलं जाईल हा इशारा.

हिरवी पट्टी भरून "रेडी" आलं की झालं. पेनड्राइव्ह उपटून न काढता विंडोजमधून इजेक्ट करा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि मध्येच करंट गेला, तर पावसाळ्यात ही काही नवलाची गोष्ट नाही, पेनड्राइव्ह खराब होत नाही, पण त्यावरचं अर्धवट असतं. पुन्हा पहिल्यापासून लिहा. शक्यतो लॅपटॉपवरच करा.

आधीच लिनक्स मिंट असलेला संगणक हाताशी असेल तर रूफसची गरजच नाही. आयएसओवर उजवी क्लिक केली की बूट होणारा पेनड्राइव्ह करायचा पर्याय तिथेच मिळतो.

पेनड्राइव्हवरून सुरू करणं

ही पायरी सावकाश वाचा. संगणक चालू करताना तो आधी कुठे बघायचं हे विंडोजच्या हातात नसतं, त्याच्या खालच्या फर्मवेअरच्या, म्हणजे त्याच बायोस किंवा यूईएफआयच्या, हातात असतं. त्याला सांगायला प्रत्येक कंपनीची की वेगळी. डेल: एफ१२. लेनोव्होचा थिंकपॅड: एफ१२. लेनोव्होच्या आयडियापॅडवर बाजूला टाचणी जाईल एवढं नोवो बटण असतं, लॅपटॉप बंद असताना ते दाबायचं. एचपी: आधी एस्केप, मग एफ९. आसुसचा लॅपटॉप: एस्केप. एसर: एफ१२, पण तो बहुधा बंद ठेवलेला असतो, म्हणून आधी एफ२ ने आत जाऊन "एफ१२ बूट मेनू" चालू करा. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर मदरबोर्ड कुणाचा ते बघावं लागतं: गिगाबाइट एफ१२, आसुस एफ८, एमएसआय आणि एएसरॉक एफ११, इंटेलचे जुने बोर्ड एफ१०.

की दाबून धरायची नाही. पॉवरचं बटण दाबल्या क्षणापासून सेकंदाला दोनदा टक टक दाबत राहा, मेनू येईपर्यंत. काही लॅपटॉपवर वरच्या रांगेच्या की आवाज-ब्राइटनेसला दिलेल्या असतात, तिथे एफएन धरून दाबावं लागतं.

तरीही विंडोजच येत असेल तर त्याचं नेहमीचं कारण फास्ट स्टार्टअप. शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि चालू केल्यावर फर्मवेअरला की ओळखायला वेळच देत नाही. यावर दोन उपाय. शिफ्ट धरून शटडाउनवर क्लिक केलं तर तेवढ्यापुरतं पूर्ण बंद होतं. आणि शिफ्ट धरून रिस्टार्टवर क्लिक केलं तर एक निळा पडदा येतो, त्यात "यूज अ डिव्हाइस" मध्ये पेनड्राइव्ह दिसतो. नव्या यंत्रांवर हा दुसरा मार्ग सगळ्यात कमी त्रासाचा, कुठलीही की आठवावी लागत नाही.

बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर गोंधळू नका. ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो नव्या यंत्रासाठी, साध्या नावाचा जुन्या पद्धतीसाठी. दिसतच नसेल तर पोर्ट बदला. डेस्कटॉपचे पुढचे पोर्ट बऱ्याचदा ढिले असतात, मागचा घ्या. काही जुन्या बोर्डांवर निळ्या पोर्टवरून बूट होत नाही, काळ्या पोर्टवरून होतं. हब मध्ये घालू नका.

सिक्युअर बूट आणि बिटलॉकर

सिक्युअर बूट म्हणजे ओळखीच्या सहीचाच बूटलोडर सुरू होऊ देणारी फर्मवेअरमधली सोय. मिंट आणि उबंटू ती चालू असतानाही सुरू होतात, त्यामुळे ती बंद करा असा सल्ला कुणी दिला तर लगेच अमलात आणू नका. त्यामागे धोका आहे. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद झालेली असते, मालकाला ते माहीतही नसतं. फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट बदललं की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की लॅपटॉप पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला त्या खात्यात असते, आणि ते खातं बहुधा दुकानदाराने किंवा भाच्याने काढून दिलेलं असतं, पासवर्ड कुणालाच आठवत नाही. तेव्हा फर्मवेअरमध्ये काहीही बदलण्याआधी खात्यात लॉगइन करून ती की कागदावर उतरवून घ्या.

"शिम एसबॅट डेटा" आणि "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" असे शब्द येऊन यंत्र बंद पडत असेल, तर आयएसओ जुनी आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोज अपडेटने जुन्या बूटलोडरवर बंदी घातली, तेव्हापासून हे दिसतं. नवी आयएसओ घेऊन पुन्हा लिहिणं हाच सरळ उपाय. रूफसने लिहितानाच बूटलोडर रद्द झाल्याचा इशारा दिला तर त्याचाही अर्थ हाच.

मध्येच अडलं तर

मिंटचा मेनू आला, निवडलं, आणि पडदा काळा. बहुतेकदा ग्राफिक्स कार्डाचा, त्यातही एनव्हिडियाचा प्रश्न. पुन्हा सुरू करून "कम्पॅटिबिलिटी मोड" असलेली ओळ निवडा.

"अनेबल टू फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टिम" हा संदेश आला तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू झाला पण त्याला पेनड्राइव्ह पुन्हा सापडला नाही. आधी पोर्ट बदला, मग पुन्हा लिहा, मग पेनड्राइव्ह बदला, याच क्रमाने. "स्क्वॉशएफएस एरर" च्या ओळींवर ओळी येत असतील तर पेनड्राइव्ह वाचताना चुकतोय. फाइल आधी ताडून बघितली असेल तर सरळ दुसरा पेनड्राइव्ह घ्या.

जुन्या डेस्कटॉपवर सगळं सुरू झालं, इंटरनेटही आलं, पण प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित म्हणून उघडेना? कोपऱ्यातली तारीख बघा. ती दहा-पंधरा वर्षं मागची असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. चुकीच्या तारखेमुळे संकेतस्थळांची प्रमाणपत्रं पटत नाहीत. तारीख हाताने दुरुस्त केली की चालू होतं, आणि सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

सुरू झाल्यावर काय तपासायचं

डेस्कटॉपवर "इन्स्टॉल" असं चिन्ह दिसेल. त्याला आज हात लावायचा नाही. तिथे दोन-तीनदा पुढे पुढे केलं की डिस्क पुसायचा पर्याय समोर येतो. पासवर्ड मागितला तर मिंटमध्ये नाव मिंट आणि पासवर्ड रिकामा.

वाय-फाय बघा. यादीत काहीच येत नसेल, ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांवर असं होतं, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट लगेच मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून बघा. आवाज, ब्राइटनेसच्या की, कॅमेरा, झाकण मिटून पुन्हा उघडलं की जागं होतं का, हे सगळं दहा मिनिटांत कळतं.

दुकानदारांनी प्रिंटर जोडून बघायलाच हवा. एचपीचे बहुतेक प्रिंटर नीट चालतात. झेरॉक्सच्या दुकानांतला लाडका कॅनन एलबीपी२९०० मात्र लिनक्सवर त्रास देतो, कारण त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं नवख्याचं काम नाही. सेवा सिंधू किंवा ग्राम वन या कर्नाटक सरकारच्या सेवांचं काम करणाऱ्यांनी अंगठ्याच्या यंत्राला आणि डिजिटल सहीच्या टोकनला लिनक्सचा ड्रायव्हर आहे की नाही ते विंडोज काढून टाकायच्या आधी बघावं. डीटीपीवाल्यांना आणखी एक: श्रीलिपी किंवा जुन्या नुडीच्या (कन्नड टायपिंगचा प्रोग्रॅम), युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फाइली इथे उघडल्या तर अक्षरांच्या जागी भलतंच दिसेल. फाइल बिघडलेली नाही, तो फाँट इथे नाही एवढंच.

टायपिंगची सोय मात्र आपल्या भागाला सोयीची आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवताना "मराठी कगप फोनेटिक" आणि "कन्नड कगप फोनेटिक" असे दोन्ही मिळतात. कगप म्हणजे कन्नड गणक परिषत्, नुडी बनवणारी संस्था. ज्यांनी शाळेत किंवा कचेरीत नुडीवर कन्नड टाइप केलंय त्यांना त्याच बोटांनी मराठी लिहिता येतं: के दाबला की क, मोठ्या लिपीतला के म्हणजे ख, आणि जोडाक्षरासाठी मध्ये एफ. हे लेआउट इंटरनेट नसतानाही लगेच चालू होतात, काही उतरवावं लागत नाही.

विंडोज बंद पडलं असेल तर

सुरूच न होणाऱ्या विंडोजमधल्या फाइली बाहेर काढायला हाच पेनड्राइव्ह कामी येतो, आणि दुकानात फॉरमॅट मारून घ्यायच्या आधी प्रत्येकानं हे करून बघावं. लाइव्ह सुरू करा, फाइल मॅनेजरमध्ये डिस्क उघडा, युजर्सच्या फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली डेस्कटॉप, डॉक्युमेंट, पिक्चर सापडतील. दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धं झोपलेलं असेल तर डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. कॉपी करायला तेवढं पुरतं, लिहिण्याचा अट्टाहास करू नका. डिस्क कुलूपबंद असेल तर इथेही ती ४८ आकडी की लागते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर आधी, बाकीचं नंतर.

नंतर विंडोज सुरू केल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरायचं कारण नाही. लिनक्स यंत्राच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ धरतं, विंडोज तिथली वेळ भारतीय समजून वाचतं. वेळेच्या सेटिंगमध्ये "सिंक नाऊ" दाबा.

केलेलं काम टिकवायचं असेल

लाइव्हमध्ये लिहिलेली फाइल बंद करताना जाते, म्हणून ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा मेलवर ठेवा. कायम टिकवायचं असेल तर उबंटूची आयएसओ घेतल्यावर रूफसमध्ये "पर्सिस्टंट पार्टिशन" ची सरकपट्टी दिसते. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर ४-५ जीबी दिले तर पुरतात. त्यात वाय-फायचा पासवर्ड, फाइली, छोटे प्रोग्रॅम टिकतात. पण अख्ख्या सिस्टिमचे अपडेट त्यावर मारू नका, जागा भरते आणि पुढच्या वेळी सुरू होताना अडतं. आमचं मत विचाराल तर रोजच्या वापरासाठी हा मार्ग नाही. स्वस्त पेनड्राइव्ह सतत लिहिण्यासाठी बनवलेले नसतात. रोज वापरायचंच ठरलं तर लॅपटॉपमध्ये एसएसडी घालून त्यावर नीट इन्स्टॉल करा.

ज्यांना गल्लीतल्या पाच जणांचे संगणक बघावे लागतात त्यांच्यासाठी व्हेंटॉय बरं. ते पेनड्राइव्हवर एकदाच बसवायचं, मग पाहिजे तेवढ्या आयएसओ फाइली साध्या कॉपी करून टाकायच्या. सुरू करताना यादी येते. मोठ्या फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसल्या तरी इजेक्ट पूर्ण होईपर्यंत थांबा. सिक्युअर बूट असलेल्या यंत्रावर पहिल्यांदा निळा पडदा येतो. तिथे ओके, कुठलीही की, "एनरोल की फ्रॉम डिस्क", मग व्हीटॉयईएफआय नावाच्या भागातली एनरोल नावाने सुरू होणारी फाइल, कंटिन्यू, येस, रिबूट. प्रत्येक यंत्रावर हे एकदाच. यंत्र दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा.

काम संपल्यावर पेनड्राइव्ह पुन्हा साधा करायचा असेल, तर विंडोजच्या फॉरमॅटने बऱ्याचदा पूर्ण जागा परत मिळत नाही, डीडी मोडने लिहिलेला असेल तर चार-पाच एमबीचाच दिसतो. रूफस उघडून "बूट सिलेक्शन" मध्ये "नॉन बूटेबल" निवडा आणि स्टार्ट दाबा. फाइल सिस्टिम एक्सफॅट घेतली तर ४ जीबीहून मोठे व्हिडिओही त्यावर बसतील. तो गाडीतल्या स्टिरिओला किंवा जुन्या टीव्हीला लावायचा असेल तर फॅट३२ घ्या.